वालुकाश्माच्या कमानी नेमक्या कोण कोरतो? (आर्चेस नॅशनल पार्क आणि परिसर, युटा)

पायवाट

गेल्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील युटा राज्याच्या आग्नेय भागात, मोआब या लहानशा गावी मुक्काम करून आर्चेस नॅशनल पार्कमध्ये चार दिवस भटकण्याचा योग आला. त्या चार दिवसांत सर्वाधिक वेळ मी लँडस्केप आर्चसमोर काढला आणि तिथे मनात शिरलेली एक शंका अजून गेलेली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

लँडस्केप आर्च ही डेव्हिल्स गार्डन या भागातील कमान. वाहनतळापासून जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटरची सोपी पायवाट आहे. जवळजवळ नव्वद मीटरांच्या पोकळीवरून खडकाची एक पट्टी एका कड्याकडून दुसऱ्या कड्याकडे गेलेली आहे आणि तिचा सर्वांत बारीक भाग जेमतेम दोन मीटर जाडीचा आहे. पूर्वी थेट तिच्याखाली जाणारी पायवाट होती, ती आता बंद आहे. कुंपणाच्या अलीकडूनच पाहावे लागते. मी तिथे तास-दीड तास बसले होते. उन्हाची तिरीप सरकली की पट्टीच्या पोटातील खाचखळगे एकेक करून दिसू लागत आणि पुन्हा सावलीत बुडून जात.

शंका अशी, की तिथे भेटलेल्या बहुतेकांनी मला ‘वाऱ्याने कोरलेली कमान’ असेच सांगितले. पण कमानीखाली पडलेल्या शिळांच्या कडा मात्र काल फोडल्यासारख्या धारदार होत्या. वाऱ्याने घासून गुळगुळीत केल्याची खूण त्यांच्यावर कुठेच दिसली नाही. वाटेलगतच्या भिंतीवर तळहात फिरवला तेव्हा हाताला तांबूस वाळू लागली. बाटलीतील पाण्याचा एक थेंब त्या दगडावर सोडून पाहिला, तर तो ओघळला नाही, दोन-तीन सेकंदांत आत मुरून गेला. इतका भुसभुशीत दगड नव्वद मीटर अधांतरी राहतो कसा, आणि तो कोरला कोणी? जाणकारांनी सविस्तर लिहावे. पुन्हा जाण्याचा विचार आहे, तेव्हा काय पाहावे आणि कसे पाहावे, याबद्दलही वाचायला आवडेल.

खडकवाचक

आपण दगडावर सोडलेला तो पाण्याचा थेंब म्हणजेच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. पण त्याच्याकडे वळण्यापूर्वी जमिनीखालच्या मिठाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण मीठ नसते तर आर्चेसमध्ये इतक्या कमानी झाल्याच नसत्या.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात पॅराडॉक्स बेसिन नावाचे एक खोलगट खोरे होते. समुद्राचे पाणी त्यात येई, आटे, पुन्हा येई, पुन्हा आटे, आणि दर वेळी मिठाचा आणखी एक थर मागे राही. असे करता करता मिठाची जाडी काही ठिकाणी हजारो फुटांवर गेली. पुढे त्यावर गाळाचे आणि वाळूचे थर साचत गेले. मीठ हा वरून घन दिसणारा पण मोठ्या दाबाखाली हळूहळू वाहणारा पदार्थ आहे. मळलेल्या कणकेवर तळहात दाबला की ती जशी बोटांच्या फटींतून वर येते, तसे हे मीठ जिथे वरचा भार कमी होता तिकडे सरकले आणि फुगून वर आले. त्याच्या पाठीवरचे खडक त्यामुळे वाकले आणि वाकताना त्यांना एकमेकींना समांतर अशा लांबच लांब भेगा पडल्या. कालांतराने वरचे थर झिजून गेले, भूजल मिठापर्यंत पोहोचले, मीठ विरघळले आणि फुगवट्याचा मधला भाग खचला. ती खचलेली जागा म्हणजे आजची सॉल्ट व्हॅली. डेव्हिल्स गार्डन आणि फायरी फर्नेस हे भाग नेमके तिच्या काठावर आहेत, हा योगायोग नव्हे.

त्या समांतर भेगांत पाणी शिरून त्या रुंदावत गेल्या आणि दोन भेगांच्या मधला खडक उंच, अरुंद पात्यासारखा उभा राहिला. इंग्रजीत त्याला ‘फिन’ म्हणतात. आपण पाते म्हणू. कमान बहुतेक वेळा अशाच पात्यात तयार होते. ज्यांना ही पाती आतून पाहायची असतील त्यांनी फायरी फर्नेसमध्ये जरूर जावे. त्यासाठी रेंजरसोबतची फेरी किंवा स्वतंत्र परवाना लागतो, कारण आत रूढ अर्थाने पायवाट नाही आणि माणूस खरोखरच चुकतो.

आता थेंबाकडे येऊ. इथला मुख्य खडक म्हणजे जुरासिक कालखंडातला एन्ट्राडा वालुकाश्म. त्याचे कण प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटने एकमेकांना चिकटलेले आहेत. पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. ते सच्छिद्र खडकात मुरते, हे चिकट द्रव्य थोडे थोडे विरघळवते आणि कण मोकळे करते. हिवाळ्यात तेच पाणी भेगांत गोठते, त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि ते पाचरीसारखे काम करते. एन्ट्राडाच्या खालच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी ड्यूई ब्रिज नावाचा मऊ, मातकट, लाटांसारखा वाकडातिकडा दिसणारा थर आहे. वरून झिरपलेले पाणी त्याच्याजवळ थबकते, तो थर आधी झिजतो, पात्याच्या पायथ्याशी कोनाडा तयार होतो, आणि मग आधार गेलेला वरचा खडक शिळांच्या रूपाने खाली कोसळत जातो. आपण पाहिलेल्या धारदार कडा त्या कोसळण्याच्या आहेत. द विंडोज या भागात नॉर्थ विंडोपाशी उभे राहिलात तर दोन थरांमधील सीमारेषा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

याला अपवादही आहेत. विंडोजजवळचीच डबल आर्च, जिची उंची ११२ फूट आहे आणि जी उद्यानातील सर्वांत उंच कमान समजली जाते, ती मुख्यतः वरून तयार झाली. माथ्यावरच्या खळग्यात साचलेले पाणी खडक खात खाली उतरले आणि बाजूच्या कोनाड्याला जाऊन मिळाले.

रेतघड्याळ

उत्तम माहिती. तरीही वाऱ्याचे काहीच काम नाही, असे म्हणणे मला जरा टोकाचे वाटते. मार्च महिन्यात मी त्या भागात होतो, तेव्हा वाळूचे इतके फटके बसत होते की डोळे उघडणे कठीण झाले होते.

खडकवाचक

वाऱ्याचे काम आहे, पण ते मोकळी झालेली वाळू उचलून नेण्याचे. वाऱ्याबरोबर उसळत जाणारे वाळूचे जड कण बहुतांशी जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आतच राहतात. वारा कोरणारा असता, तर प्रत्येक पाते घोट्यापासून कमरेपर्यंत झिजलेले दिसले असते आणि वीस-तीस मीटर उंचीवरच्या खिडक्या झाल्याच नसत्या.

मात्र आपल्याला हवे असलेले वाऱ्याचे श्रेय मी दुसऱ्या ठिकाणी देईन. एन्ट्राडाचा बराचसा भाग, आणि मेसा आर्च (शेजारच्या कॅनियनलँड्स उद्यानातली कमान) किंवा रेनबो ब्रिज (दक्षिणेकडचा नैसर्गिक पूल) ज्याचे आहेत तो नवाहो वालुकाश्म, हे मुळात वाळवंटातील टेकड्यांचे दगड आहेत. कड्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात त्या त्या टेकड्यांच्या उतारांच्या. थोडक्यात, दगड रचला वाऱ्याने आणि फोडला पाण्याने. वर्षाकाठी तिथे जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटर पाऊस पडतो, म्हणून आपल्याला पाण्याची आठवण होत नाही, एवढेच.

ओळंबा

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर, म्हणजे ‘भुसभुशीत दगड अधांतरी राहतो कसा’ यावर लिहितो.

दगड दाब उत्तम सहन करतो, ताण मात्र फारसा सहन करत नाही. बांधकामातील कमानीचे सारे कौशल्य हेच असते की, भार ज्या वाटेने खाली उतरतो ती वाट दगडाच्या आतच राहावी आणि प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबत राहावा. नैसर्गिक कमानीला आराखडा काढणारा कोणी नाही, तरीही ती त्याच आकाराला येते, याचे मला विद्यार्थिदशेपासून कुतूहल होते. सोपे उत्तर असे, की ज्या आकारांना भार पेलला नाही ते पडले आणि उरलेले आपण पाहतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

२०१४ मध्ये झेक भूशास्त्रज्ञ यिर्शी ब्रुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. झेक प्रजासत्ताकातील स्त्रेलेच येथील खाणीत एक विलक्षण वाळू मिळते. तिच्यात चिकटवणारे द्रव्य जवळजवळ नाही. कण केवळ एकमेकांत अडकून राहिलेले असतात. तिचा ठोकळा पाण्यात ठेवला की विरघळल्यासारखा ढासळतो. संशोधकांनी अशाच ठोकळ्यांवर वरून वजन ठेवले आणि मग पाण्याने त्यांची झीज होऊ दिली. ठोकळे झिजू लागले, परंतु झिजता झिजता उरलेल्या भागावर येणारा दाब वाढत गेला, आणि दाब एका मर्यादेला पोहोचताच कण एकमेकांत इतके घट्ट बसले की झीज जवळपास थांबली. जिथे दाब कमी होता तेवढाच भाग गळून गेला. उरलेले आकार कोणते होते? कमानी, खांब, कोनाडे. युटात आपण जे मोठ्या प्रमाणावर पाहतो, ते त्यांनी प्रयोगशाळेत टेबलावर घडवून दाखवले.

म्हणजे कमानीवरचा भार हा तिचा केवळ शत्रू नाही. झिजेपासून तिला राखणाराही तोच आहे. माझ्या मते या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि उद्यानात फिरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असते. कोणतीही कमान पाहताना मी आता आधी तिचे पाय पाहतो, मग भार कोणत्या वाटेने उतरत असेल ती रेषा मनात आखतो आणि त्या रेषेच्या बाहेर लोंबणारा दगड कुठे उरला आहे ते शोधतो. पुढे पडायचा असेल तर तोच.

लँडस्केप आर्च याच कारणाने अवघड आहे. कमान जितकी चपटी, तितका तिचा आडवा रेटा जास्त. तो रेटा दोन्ही बाजूंच्या कड्यांनी पेलायचा आणि मधली पट्टी मात्र दोन मीटरांची. तिच्याखालची वाट बंद करणाऱ्यांचा निर्णय मला शंभर टक्के पटतो.

जाता जाता आणखी एक. युटा विद्यापीठातील भूशास्त्रज्ञांनी अनेक कमानींवर, अर्थात परवानगी घेऊन, भूकंपमापक यंत्रे ठेवून त्यांची कंपने मोजली आहेत. वारा, दूरवरचे भूकंप, माणसांची वर्दळ यांमुळे प्रत्येक कमान सतत अत्यंत सूक्ष्म थरथरत असते आणि प्रत्येकीची थरथरण्याची लय वेगळी असते. दिवसाच्या उष्णतेने आणि रात्रीच्या गारव्याने ती लयही थोडी बदलते. आपण तास-दीड तास जिच्यासमोर बसलात, ती कमान त्या वेळीही स्थिर नव्हती.

मोजपट्टी

दोन दुरुस्त्या सुचवतो. त्या किरकोळ वाटल्या तरी आवश्यक आहेत.

पहिली लांबीची. लँडस्केप आर्चचा गाळा, म्हणजे पोकळीची आडवी लांबी, जुन्या पुस्तकांत आणि फलकांवर ३०६ फूट दिलेला असतो. नॅचरल आर्च अँड ब्रिज सोसायटी या अभ्यासकांच्या संस्थेने २००४ मध्ये लेझरने मोजले तेव्हा तो सुमारे २९० फूट, म्हणजे ८८ मीटर भरला. दगड आखडला नाही. गाळा कुठून कुठपर्यंत धरायचा, याची व्याख्या वेगळी आहे. झायन नॅशनल पार्कमधील कोलोब आर्च त्याच पद्धतीने २८७ फूट भरते, त्यामुळे ‘सर्वांत लांब कोण’ या वादात दोघींमध्ये फरक उरतो तो अवघ्या तीन फुटांचा.

दुसरी नावाची. सरसकट सगळ्यांना कमान म्हणू नये. वाहत्या पाण्याने, म्हणजे ओढ्याने किंवा नदीने, आरपार फोडलेला असेल तो नैसर्गिक पूल, बाकीच्या कमानी. हा फरक समजून घ्यायचा असेल तर मोआबच्या दक्षिणेला ब्लँडिंगजवळ असलेल्या नॅचरल ब्रिजेस नॅशनल मॉन्युमेंटला जावे. १९०८ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी ते जाहीर केले. तिथे एकाच वळणदार रस्त्यावर तीन पूल आहेत आणि त्यांना होपी परंपरेतील नावे दिलेली आहेत: सिपापू, काचिना आणि ओवाचोमो. काचिना जाडजूड आहे, त्याची जाडी ९३ फूट आहे आणि ओढ्याचे काम अजून चालू आहे. सिपापू २२० फूट उंच, ऐन भरातला. ओवाचोमो फक्त ९ फूट जाडीचा उरला आहे आणि त्याच्याखालून आता ओढाही वाहत नाही. नदी नागमोडी वळणे घेत जाते, दोन वळणांच्या मधली भिंत अरुंद होत जाते आणि एखाद्या पुरात पाणी तिला भोक पाडून जवळची वाट धरते. ही सारी गोष्ट तिथे एका दिवसात तीन टप्प्यांवर पाहायला मिळते. गर्दी आर्चेसच्या मानाने फारच कमी. शिवाय २००७ मध्ये जगातील पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेल्या आकाशाचे उद्यान, म्हणून याच जागेची निवड झाली होती, तेव्हा रात्री तिथेच राहावे.

आर्चेसमधील संख्येबद्दल. दोन हजारांहून अधिक कमानींची नोंद आहे असे सांगतात, ते खरे आहे. परंतु नोंदीची अट इतकीच की पोकळी कोणत्याही एका दिशेने किमान तीन फूट असावी. त्यामुळे त्या दोन हजारांत माणूस वाकून जाईल अशी भोकेही आली.

पानगळ

कमानी पडतात, हे वाचून माहीत असते. तारखांसह पाहिले की अंगावर येते. स्कायलाइन आर्चमधून १९४०च्या नोव्हेंबरमध्ये एक प्रचंड शिळा निखळली आणि तिची पोकळी एका क्षणात जवळजवळ दुप्पट झाली. १ सप्टेंबर १९९१ रोजी लँडस्केप आर्चच्या पट्टीच्या पोटातून सुमारे ६० फूट लांब, ११ फूट रुंद आणि ४ फूट जाड असा पापुद्रा खाली आला. खाली विसावलेल्या लोकांना आधी कडकड ऐकू आली आणि ते वेळीच बाजूला झाले, म्हणून कोणाला इजा झाली नाही. १९९५ मध्ये आणखी पडझड झाली आणि खालची वाट कायमची बंद झाली. १९९२ मध्ये काचिना पुलावरून सुमारे ४,००० टन खडक कोसळला. २००८च्या ऑगस्टमध्ये, ४ तारखेच्या रात्री, डेव्हिल्स गार्डनच्या वाटेवरची वॉल आर्च पूर्ण पडली. ७१ फुटांचा गाळा होता तिचा. पडताना कोणी पाहिले नाही. सकाळी वाटेवर दगडांचा ढीग होता.

८ ऑगस्ट २०२४ रोजी पडलेल्या ‘डबल आर्च’बद्दल गैरसमज फार आहे. ती आर्चेस नॅशनल पार्कमधली नव्हे. ती ग्लेन कॅनियन परिसरात, लेक पॉवेल या धरणाच्या जलाशयातील रॉक क्रीक बे येथे होती. जलाशयाच्या पाण्याची वर-खाली होणारी पातळी आणि लाटांची झीज यांमुळे ती कमकुवत झाली असावी, असे तिथल्या व्यवस्थापनाचे म्हणणे होते. खडकवाचक यांनी ज्या डबल आर्चबद्दल लिहिले आहे ती उभी आहे.

१९५०च्या दशकात आर्चेसमधील डेलिकेट आर्च ही एकटी उभी असलेली प्रसिद्ध कमान टिकवण्यासाठी तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा लेप देता येईल का, याचा विचार राष्ट्रीय उद्यान विभागात झाला होता. तो सोडून दिला हे बरेच झाले. लेप दिला असता तर पाणी बाहेर कोंडले गेले असते की आत, कोण जाणे.

उशिराचा_प्रवासी

‘कसे पाहावे’ याचे उत्तर मी माझ्या मूर्खपणातून देतो. डेलिकेट आर्चचा सूर्यास्त पाहायला मी गेलो तो पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली आणि मोबाइल घेऊन. वोल्फ रँचपासून वाट सुरू होते. जॉन वेस्ली वोल्फ हे ओहायोहून आलेले गृहस्थ १८९८च्या सुमारास मुलासह तिथे राहू लागले होते. त्यांची लाकडी खोली अजून आहे आणि जवळच यूट या मूळनिवासी लोकांनी कोरलेली घोडेस्वारांची चित्रे आहेत. जाऊन-येऊन पाच किलोमीटर आणि चढ १४६ मीटर, हे आकडे वाचून मला वाटले की ही तर संध्याकाळची फेरी झाली.

आकड्यांत जे येत नाही ते असे, की मधला मोठा टप्पा उघड्या, अखंड दगडावरचा आहे. त्याला तिथे स्लिकरॉक म्हणतात. त्यावर पायवाट उमटत नाही. ठरावीक अंतरावर रचलेल्या छोट्या दगडांच्या राशी हीच वाट. शेवटी कड्याला बिलगून जाणारी सुमारे दोनशे मीटरांची दगडी कपार आहे आणि ती वळली की समोर अचानक एक मोठी वाटी आणि तिच्या काठावर ती कमान, एकटी. पोकळीची उंची ४६ फूट. सूर्य मावळताना तिचा रंग निखाऱ्यासारखा झाला आणि पुढची पंधरा मिनिटे तिथे जमलेले शंभरेक लोक कुजबुजतच बोलत होते.

परतताना अंधार पडला. मोबाइलचा उजेड पायापुढे चार फूट पडत होता आणि त्यात सगळा दगड सारखाच दिसत होता. एक रास दिसली, दुसरी दिसली, तिसरी दिसलीच नाही. मी उताराने सरळ निघालो. उतार हळूहळू तीव्र होत गेला आणि पुढे उजेडात काहीच पडेना. तिथेच खाली बसलो. मागून हेडलॅम्प लावून येणाऱ्या एका कुटुंबाने हाक मारली आणि मला वाटेवर आणले. वाट माझ्यापासून डावीकडे साठ-सत्तर पावलांवर होती. पाणी तर वर पोहोचण्यापूर्वीच संपले होते.

तेव्हा माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी आणि खिशात हेडलॅम्प असल्याशिवाय त्या दगडावर पाऊल ठेवू नये. उन्हाळ्यात तापमान ३८ अंशांच्या वर जाते आणि वाटेवर पाणी कुठेही नाही. जुलै ते सप्टेंबर हे वादळी पावसाचे दिवस. आकाश निरभ्र असतानाही वरच्या अंगाला झालेल्या पावसाचा लोंढा कोरड्या घळीतून येतो.

मृगजळ

रेनबो ब्रिजचा उल्लेख वर ओझरता आला आहे. २९० फूट उंचीचा हा पूल १९१० मध्ये राष्ट्रीय स्मारक झाला. १९०९ मध्ये तिथे पोहोचलेल्या कमिंग्ज आणि डग्लस यांच्या मोहिमेला ‘शोध’ म्हणण्याची प्रथा आहे, पण त्यांना वाट दाखवणारे नाशा बेगे आणि जिम माइक हे पायूट मार्गदर्शक होते, यावरून तो आधी कोणाला ठाऊक होता हे कळते. मी लेक पॉवेलमधून बोटीने गेले होते. पुलाच्या अलीकडे थांबावे, जवळ जाऊ नये आणि खालून जाऊ नये, अशी विनंती तिथे केलेली आहे. आमच्या गटातील एक गृहस्थ हटकून म्हणाले, की खालून चालल्याने एवढ्या मोठ्या दगडाला काय होणार आहे? मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही.

ओळंबा

दगडाला काहीच होणार नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून तर ती विनंती आहे, मनाई नाही.

मोजपट्टी

त्यामागचा इतिहास असा. नवाहो आणि परिसरातील इतर जमातींसाठी ते पूजेचे ठिकाण आहे. ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले, लेक पॉवेल चढत गेला आणि पाणी पुलाखाली आले. त्याबरोबर बोटींनी येणारे प्रवासीही आले. पूर्वी नवाहो माउंटनला वळसा घालून कित्येक मैल चालत किंवा घोड्यावरून जावे लागे. नवाहो मंडळी न्यायालयात गेली, परंतु १९८० मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय त्यांच्या विरोधात गेला. त्यानंतर १९९०च्या दशकात उद्यान विभागाने ही विनंती सुरू केली. त्या गृहस्थांना इतके सांगितले असते तरी पुरे होते. जमिनीवरची वाट आजही आहे. तिच्यासाठी नवाहो नेशनचा परवाना घ्यावा लागतो.

पानगळ

कमानींशी कसे वागावे हा विषय निघालाच आहे तर त्यांच्यावर चढण्याबद्दलही लिहिते. २००६ मध्ये एका नामवंत गिर्यारोहकाने डेलिकेट आर्च दोराशिवाय चढून दाखवली, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि नियम कडक झाले. आर्चेसमध्ये तीन फुटांहून मोठी पोकळी असलेल्या कोणत्याही कमानीवर चढणे, चालणे किंवा तिला दोर बांधून उतरणे आता निषिद्ध आहे. ड्रोनलाही बंदी आहे. मला यात जाच वाटत नाही. वर ओळंबा यांनी भाराची जी वाट सांगितली, तिच्यावर दोराचा काच पडलेला मला पाहायचा नाही.

खडकवाचक

पायांखालच्या मातीबद्दल कोणी लिहिले नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना काळपट, खडबडीत, लहान लहान बुरुजांसारखी दिसणारी माती असते. ती मृत नाही. सायनोबॅक्टेरिया, शेवाळे आणि दगडफूल यांनी वाळूचे कण धाग्यांनी बांधून केलेले ते जिवंत कवच आहे; त्यामुळेच वाळू उडत नाही आणि पाणी मुरते. एका पावलाने ते चुरडते आणि भरून यायला दशके लागतात. छायाचित्रासाठी वाट सोडणाऱ्यांनी दगडावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जावे. स्लिकरॉकवरील पाण्याच्या खळग्यांतही पाय किंवा हात घालू नये. त्यांत काही आठवड्यांत जन्मून अंडी घालून मरणारे छोटे जीव असतात आणि हाताला लावलेले सनस्क्रीनही त्यांना भारी पडते.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका शंकेचे इतके धागे निघतील असे वाटले नव्हते.

पुढच्या खेपेस फेब्रुवारीच्या अखेरीस जाण्याचे ठरवले आहे. थंडी असेल, दगडावर सकाळी बर्फाचा पातळ थर असू शकतो, म्हणून बुटांना लावायचे दाते घेणार आहे; पण पाचरीसारखे काम करणारे ते गोठलेले पाणी कामावर असताना पाहायचे आहे. २०२२ पासून काही वर्षे आर्चेसमध्ये गर्दीच्या महिन्यांत प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवावी लागत असे. असे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाचे संकेतस्थळ पाहीन. या वेळी आधी नॅचरल ब्रिजेस, तेही काचिना, सिपापू, ओवाचोमो याच क्रमाने, आणि मग डेव्हिल्स गार्डन. उशिराचा_प्रवासी यांचे वाचल्यावर हेडलॅम्प दोन घेतले आहेत.

पानगळ यांनी दिलेली १९९१ची मापे वाचून काल माझी जुनी छायाचित्रे काढली आणि लँडस्केप आर्चचे एक मोठे करून पाहिले. पट्टीच्या पोटावर, बारीक भागापाशी, बाकीच्या काळसर तांबड्या दगडाहून फिकट असा एक लांबट तुकडा स्पष्ट दिसतो. तास-दीड तास मी त्याच्याकडेच पाहत बसले होते आणि ती सावली नसून उन्हाची तिरीप असावी, असे मला वाटले होते.